धोकादायक विषाणू, पुण्याची प्रयोगशाळा आणि न आलेल्या लशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळात 'नमुने पुण्याला पाठवले आहेत' हे वाक्य बातम्यांत रोज ऐकू यायचं. ते नमुने जातात कुठे, तिथे त्यांचं काय करतात आणि विषाणू सापडला की लस लगेच का येत नाही, असं लोक विचारत असतात. त्या प्रश्नांची ही उत्तरं. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

'पुण्याला' म्हणजे नेमकं कुठे?

राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजेच एनआयव्हीत. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने ती सुरू केली. सुरुवातीला सगळा भर डास, गोचिडी अशा कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर होता. १९६७ साली रॉकफेलर बाहेर पडलं आणि १९७८ मध्ये संस्थेला आजचं नाव मिळालं. त्याच वर्षी डॉ. खोर्शेद पावरी संचालक झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. जुनी इमारत डॉ. आंबेडकर रस्त्यावर आहे. सर्वांत धोकादायक विषाणूंवरचं काम चालतं ते पाषाणच्या आवारात.

नवा विषाणू सापडतो तरी कसा? प्रयोगशाळेत बसून?

नाही. बहुतेक वेळा सुरुवात जंगलात, गोठ्यात किंवा एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात होते.

माकडतापाचंच बघा. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली. त्याच सुमारास जंगलात जा-ये करणाऱ्या गावकऱ्यांना जबर ताप येऊ लागला, काहींना रक्तस्राव होऊ लागला. पुण्याच्या शास्त्रज्ञांना पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत माकडं मरणं ही पीतज्वराची खूण मानतात, आणि हा रोग भारतात कधीच आला नव्हता. तो शिरला असता तर हाहाकार उडाला असता. पथक तिथे गेलं, मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने घेतले, ते उंदरांच्या नवजात पिल्लांत टोचून विषाणू वेगळा केला. निघाला तो निराळाच, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. जंगलातली बारीक गोचीड त्याची वाहक असल्याचंही उघड झालं. जगाला तोवर ठाऊक नसलेला हा विषाणू इथे, आपल्या शेजारच्या राज्यात सापडला.

यातला एक धागा मला फार आवडतो. रशियातल्या विषाणूचा भाऊबंद शिमोग्याला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून आला असेल का? हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. पण भारतात पक्ष्यांच्या स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास उभा राहिला तो या विषाणूच्या निमित्ताने.

अलीकडचं उदाहरण कोळिकोडचं. मे २०१८ मध्ये एकाच घरातली दुसरी व्यक्ती तशाच लक्षणांनी दाखल झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी नमुने मणिपालच्या विषाणू केंद्राकडे पाठवले. वटवाघळांतून येणाऱ्या निपाह विषाणूचा संशय आला आणि पुण्याने तो पक्का केला. त्या साथीत १८ जणांना संसर्ग असल्याचं तपासणीतून सिद्ध झालं. अधिकृत आकड्यांनुसार, तपासणी न होताच गेलेला पहिला रुग्ण धरून, एकूण १७ जण दगावले. पण ती साथ तिथेच थांबली, कारण शंका लवकर आली. यंत्रं पुण्यात असतात. शंका मात्र गावातल्या डॉक्टरलाच यावी लागते.

'बीएसएल-४' म्हणजे काय?

जैवसुरक्षेच्या चार पातळ्या आहेत, त्यांतली ही सर्वांत वरची. ज्या विषाणूंवर सहसा खात्रीचं औषध वा लस नसते आणि ज्यांची लागण जिवावर बेतू शकते, ते इथे हाताळतात: निपाह, इबोला, क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप. पाषाणची ही प्रयोगशाळा २०१२ च्या अखेरीस सुरू झाली. माणसांच्या रोगांसाठीची देशातली ती पहिली.

आत काय असतं? सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी असते. आतलं काहीही, अगदी हवासुद्धा, जिवंत विषाणू घेऊन बाहेर पडता कामा नये. म्हणून खोल्यांतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. दार उघडलं तर हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही. बाहेर सोडायची हवा हेपा फिल्टरांतून गाळतात. हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवतात. सांडपाणी थेट गटारात जात नाही, आधी ते टाक्यांत तापवून वा रसायनांनी निर्जंतुक करतात. कचरा आणि उपकरणं दोन दारांच्या ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून निघतात. आतलं दार बंद होऊन चक्र पुरं झाल्याशिवाय बाहेरचं उघडत नाही.

आणि माणसं? ती डोक्यापासून पायापर्यंत बंद असलेल्या पोशाखात काम करतात. पोशाखाला वरून हवेची नळी जोडलेली असते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. कुठे चीर गेलीच तर हवा बाहेर जाईल, विषाणू आत येणार नाही. बाहेर पडताना पोशाखासकट रसायनांच्या शॉवरखाली उभं राहायचं, मग पोशाख उतरवून साधी आंघोळ. एकट्याने आत जायचं नाही. आत तहान लागली तरी पाणी नाही. हातात दोन-तीन थरांचे मोजे असताना बारीक पिपेट धरायचं. चित्रपटांत दाखवतात तसली धावपळ तिथे कुणाला परवडत नाही.

मी पाषाणला राहतो. घाबरू का?

'काही होऊच शकत नाही' असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जगात प्रयोगशाळांतून संसर्ग झालेले आहेत आणि ते लपलेले नाहीत.

१९६७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग व फ्रँकफुर्ट आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेड इथे, युगांडातून आणलेल्या माकडांच्या ऊती हाताळताना लोक आजारी पडले. एकूण ३१ जणांना लागण झाली, ७ दगावले आणि मारबुर्ग विषाणू जगाला कळला. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय छायाचित्रकार असलेल्या जॅनेट पार्कर देवीच्या रोगाने वारल्या. त्यांच्या कामाच्या खोलीखालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन चालू होतं. देवीचा जगातला शेवटचा मृत्यू तो. २००३-०४ मध्ये सिंगापूर, तैपेई आणि बीजिंग अशा तिन्ही ठिकाणी प्रयोगशाळेतल्या माणसांना सार्स झाला. बीजिंगमध्ये तो बाहेर पसरला आणि एका संशोधक तरुणीच्या आईचा बळी गेला. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या पिरब्राइटला लाळ्या-खुरकुताचा विषाणू संशोधन आवारातून निसटून आसपासच्या गुरांत गेला. जुनी, गळकी सांडपाण्याची वाहिनी हे त्याचं संभाव्य कारण ठरलं. आपल्याकडेही माकडतापावर काम करणाऱ्यांना सुरुवातीच्या दशकांत प्रयोगशाळेतच लागण झाल्याच्या नोंदी आहेत.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट दिसते. दाब, फिल्टर, पोशाख अशी पूर्ण चौथ्या पातळीची व्यवस्था यांतल्या बहुतेक ठिकाणी नव्हती. बीजिंगमध्ये तर विषाणू नीट निष्क्रिय न करताच साध्या प्रयोगशाळेत आणला गेला होता. म्हणून काळजी करायचीच तर ती देखभालीची करा. फिल्टर वेळेवर तपासले जातात का, वाहिन्या बदलल्या जातात का, कर्मचाऱ्याला ताप आला तर तो न घाबरता सांगू शकतो का. भिंतीच्या जाडीपेक्षा या गोष्टींनी जास्त फरक पडतो, आणि नागरिकांनी त्याबद्दल विचारणं रास्तच आहे.

हे विषाणू सांभाळून ठेवतात कशाला? जाळून टाका ना!

जंगलातले कोण जाळणार? वटवाघळांतला निपाह आणि गोचिडींतला माकडताप प्रयोगशाळेतला साठा संपवल्याने संपत नाही. उलट साठा नसेल तर तपासणीचं किट बरोबर चालतं का हे पडताळता येणार नाही, नव्या औषधाचा असर बघता येणार नाही, दहा वर्षांनी आलेल्या साथीचा विषाणू बदललाय का ते सांगता येणार नाही. देवीची गोष्ट वेगळी. तो निसर्गातून नाहीसा झाला, म्हणून त्याचे उरलेले साठे फक्त अमेरिका आणि रशिया इथल्या दोन प्रयोगशाळांत ठेवले आहेत. तेही नष्ट करावेत की नाही हा वाद अजून मिटलेला नाही.

विषाणू 'वाढवतात' म्हणजे काय?

विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. त्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या जातात त्या व्हेरो पेशी. १९६२ साली जपानमधल्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून त्या तयार केल्या, आणि त्यांची वंशावळ आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे. रुग्णाचा नमुना या पेशींवर घालतात. विषाणू वाढला की पेशी गोल होतात, सुटतात, मरतात. मग त्याची जनुकीय क्रमवारी वाचतात.

आरटी-पीसीआरने विषाणू आहे की नाही एवढंच कळतं. लस करायची तर जिवंत विषाणू हातात लागतो, निदान निष्क्रिय विषाणूच्या लशीसाठी तरी. कोविडचा भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला पुण्यातल्या तपासणीतूनच निश्चित झाला. मार्चमध्ये इथे तो विषाणू वेगळा करण्यात यश आलं.

मग कोव्हॅक्सिन नेमकी कुणाची? पुण्याची की हैदराबादची?

दोघांची. विषाणू एनआयव्हीने वेगळा केला आणि मे २०२० मध्ये हैदराबादच्या भारत बायोटेककडे दिला. कंपनीने तो व्हेरो पेशींत वाढवला, बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने मारला आणि प्रतिकारशक्तीला जाग आणणारा सहायक घटक त्यात मिसळला. मेलेला विषाणू रोग देऊ शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते.

ही जोडी कोविडमुळे अचानक जमली नव्हती. जपानी मेंदूज्वरावरची 'जेनव्हॅक' ही लस याच दोघांनी केली होती. विषाणू कर्नाटकातल्या कोलारच्या साथीत सापडलेला, पेशी व्हेरोच्या, विषाणू निष्क्रिय केलेला. ती २०१३ मध्ये आली. कोव्हॅक्सिन वेगाने झाली याचं अर्धं श्रेय या आधीच्या कामाला आहे, आणि ते सहसा कुणी देत नाही.

एका वर्षाच्या आत लस म्हणजे घाईच झाली, नाही का?

लस बनवण्यात नाही, परवानगीत झाली असं माझं मत आहे. ३ जानेवारी २०२१ ला कोव्हॅक्सिनला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे हाती नव्हते. अनेक शास्त्रज्ञांनी यावर उघड टीका केली आणि ती योग्य होती. पुढे २५,७९८ जणांवरच्या चाचणीत लक्षणं असलेल्या कोविडविरुद्ध ७७.८ टक्के परिणामकारकता दिसली. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली. निकाल चांगला लागला म्हणून आधीची घाई बरोबर ठरत नाही.

मुंबईने याहून घाईची लस पाहिली आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत सुमारे तीन महिन्यांत लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात एका दूषित बाटलीतून लस दिलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मेले. खापर हाफकिनवर फुटलं आणि निर्दोष ठरायला त्यांना अनेक वर्षं लागली. चूक एका बाटलीची होती, पण लशीवरचा विश्वास मात्र सगळ्या मुलखात डळमळला.

माकडताप १९५७ पासून माहीत आहे. मग आजही धड लस का नाही?

लोकांनी हा प्रश्न सर्वांत जास्त विचारायला हवा, पण सिंधुदुर्ग आणि गोव्याबाहेर तो फारसा कुणी विचारत नाही.

लस होती. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची. कर्नाटकात १९९० पासून ती दिली जात होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढे काही वर्षं दरसाल आणखी एक. दुखायचीही फार, म्हणून लोक पुढचे डोस टाळायचे. सुरुवातीच्या अभ्यासात ती छान चालली. पण २००५ ते २०१० च्या आकड्यांत दोन डोसनंतर संरक्षण ६२ टक्क्यांच्या आसपास आणि बूस्टरनंतर ८३ टक्क्यांच्या आसपास निघालं. पुढे ताकदीच्या चाचण्यांत ती उतरेना आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. आता नव्या लशीवर काम चालू आहे.

एवढी वर्षं का लागली? विज्ञान अवघड होतं म्हणून नाही. मृत विषाणूची लस करण्याची पद्धत जेनव्हॅकला चालली, कोव्हॅक्सिनला चालली. अडचण आहे ती रुग्णांच्या संख्येची आणि रुग्ण कोण आहेत याची. माकडतापाचे रुग्ण वर्षाला काहीशे, तेही पश्चिम घाटातल्या मोजक्या तालुक्यांत: लाकूडफाटा आणणारे, गुरं चारणारे, काजू गोळा करणारे. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये साथ आली, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. दोन्हीकडे काजूच्या बागांत जाणारी माणसं आजारी पडली. इतक्या थोड्या आणि इतक्या गरीब गिऱ्हाइकांसाठी नवा कारखाना उभारायला कुठलीही कंपनी आपणहून पुढे येत नाही. मेंदूज्वराची लस सरकार लहान मुलांच्या लसीकरणासाठी घेतं, म्हणून तिला बाजार आहे. इथे तसा बाजार फक्त सरकारच तयार करू शकतं, आणि त्याने तो वेळेवर केला नाही.

चांदीपुराचं काय? तो तर आपल्याच विदर्भातला.

नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये ताप आलेल्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. मग जवळजवळ चार दशकं त्याला कुणी गंभीर मानलं नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली तेव्हा डोळे उघडले. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मुलं गेली आणि २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा साथ आली. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते.

लस नाही. उंदरांपर्यंतचे प्रयोग झाले आहेत. माणसांवर मोठी चाचणी करायची तर साथ कुठे येणार हे आधी कळायला हवं. ही साथ विखुरलेल्या गावांत येते, मूल कधीकधी एका दिवसात जातं आणि पाऊस सरला की सगळं शांत. इबोलाचं नशीब याबाबतीत बरं. गिनीत २०१५ मध्ये साथ चालू असतानाच रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना टप्प्याटप्प्याने लस देऊन ती पारखता आली. योगायोग असा की ती लस ज्या विषाणूच्या पाठीवर बसवली आहे, तो चांदीपुराच्याच कुळातला आहे.

महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह सापडला म्हणे. सहल रद्द करू का?

नको. मार्च २०२० मध्ये एनआयव्हीने तिथल्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि काहींत निपाहशी सामना झाल्याच्या खुणा मिळाल्या. महाराष्ट्रात निपाहची साथ मात्र आलेली नाही. स्ट्रॉबेरी खा, गुहांत शिरू नका, वटवाघळांना हात लावू नका आणि झाडाखाली पडलेलं उष्टं फळ उचलून खाऊ नका. वटवाघळं मारायला तर मुळीच जाऊ नका, त्याने त्यांच्याशी संपर्क उलट वाढतो.

विषाणू मुद्दाम जास्त घातक करतात, हे खरं आहे?

काही ठिकाणी असे प्रयोग झाले आहेत. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी बर्ड फ्लूचा विषाणू फेरेट या प्राण्यांत हवेतून पसरेल असा बदलला आणि जगभर वादळ उठलं. २०१४ ते २०१७ या काळात अमेरिकेने अशा कामाचा निधी थांबवला होता. साथ ओळखायला याचा उपयोग होतो असं करणारे म्हणतात. धोका फायद्याहून मोठा आहे, असं विरोधक म्हणतात आणि मला त्यांचं पटतं.

कोविड प्रयोगशाळेतून आला का?

निर्णायक पुरावा कुठल्याच बाजूला नाही. वुहानच्या सुरुवातीच्या नोंदी आणि नमुने पूर्णपणे खुले झालेले नाहीत, तोवर हा वाद चालणारच.

लशीसाठी माकडांवर प्रयोग करावेच लागतात?

प्रत्येक लशीसाठी नाही. कोव्हॅक्सिनसाठी पुण्यात २० ऱ्हीसस माकडांवर चाचणी झाली. आधी लस, मग मुद्दाम विषाणूचा संसर्ग, आणि फुप्फुसं वाचतात का ते बघणं. माणसाला लस देऊन मुद्दाम निपाह टोचता येत नाही, म्हणून हे काम प्राण्यांवरच होतं. ज्यांना हे खटकतं त्यांना मी दोष देत नाही.

मला ताप आहे. मी स्वतःच एनआयव्हीत जाऊन तपासून घेऊ का?

नाही. नमुना डॉक्टर किंवा आरोग्य विभागामार्फतच जातो, गळती होणार नाही अशा तीन आवरणांत बांधून. बहुतेक तपासण्या आता जिल्ह्याजवळच्या विषाणू प्रयोगशाळांतच होतात.

जंगलात मेलेलं माकड दिसलं तर काय करायचं?

हात लावू नका, जवळही जाऊ नका. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. वनखात्याला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. डिसेंबर ते मे या दिवसांत त्या भागात जावंच लागलं तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीडरोधक तेल लावा, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा आणि अंगावर गोचीड आहे का ते बघा. नंतरच्या आठवडाभरात ताप आला तर दवाखान्यात 'मी जंगलात गेलो होतो' हे आपणहून सांगा.